गेम नाइटला टॅरिफवर भांडायचंच असेल तर नीट भांडा

साय-फाय गेम खेळणाऱ्या टोळक्यात टॅरिफचा, म्हणजे आयातीवरच्या कराचा, विषय निघाला की थोड्याच वेळात टेबलाचे गट पडतात. एक जण म्हणतो चीनवरचं अवलंबित्व कमी व्हायलाच पाहिजे, दुसरा म्हणतो ते राहू दे माझी किकस्टार्टरची प्लेज (गेम बनायच्या आधीच भरलेले पैसे) अडकलीये त्याचं बोला, आणि एक जण (हा प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच) सांगायला लागतो की आपल्या कॅम्पेनमधल्या (म्हणजे चालू खेळाच्या कथेतल्या) साम्राज्यात व्यापार कसा चालतो. तिघं तीन वेगळ्या विषयांवर बोलत असतात आणि तिघांनाही वाटत असतं की आपण जिंकलो. मला हा वाद मनापासून आवडतो, काही गेमपेक्षा जास्तच, पण तो नीट झाला तर. म्हणून हे लिहितोय. इकॉनॉमिक्सची डिग्री लागत नाही, एक गेमचा बॉक्स, कागद आणि कॅल्क्युलेटर पुरे.

सगळ्यात आधी ठरवा की कुठल्या विश्वात भांडताय. म्हणजे खऱ्या जगातल्या बॉक्सच्या किमतीवर की गेमच्या आतल्या व्यापारावर. दोन्हीवर भांडता येतं, पण एकाचा पुरावा दुसऱ्यात वापरायचा तर जपून. ट्रॅव्हलर खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल. १९७७ ला आलेला हा अंतराळातला, पात्र घेऊन खेळायचा गेम (आरपीजी), त्याच्या जुन्या क्लासिक नियमांत माल वाहून न्यायचं भाडं टनामागे १००० क्रेडिट, आणि मालाच्या टेबलात धान्याची मूळ किंमत टनाला ३०० क्रेडिट, स्टीलची ५००. आता करा हिशोब. धान्य एका ग्रहावरून दुसऱ्यावर न्यायचं तर भाडंच किमतीच्या तिपटीपेक्षा जास्त, म्हणजे कुठल्याही सरकारने काहीही न लावता तिथे ३३३ टक्क्यांची भिंत आपोआप उभी आहे. त्या विश्वात प्रत्येक ग्रह आपलं धान्य आपणच पिकवणार आणि कॉम्प्युटर, औषधं, रत्नं असला महाग आणि हलका मालच फिरणार. आपल्या पृथ्वीवर बरोबर उलटं आहे, कंटेनर आल्यापासून समुद्रातून माल नेणं इतकं स्वस्त झालंय की पुठ्ठ्याचे टोकनसुद्धा अर्धं जग ओलांडून येतात. त्यामुळे 'ट्रॅव्हलरमध्ये लोकल इंडस्ट्री टिकते मग इथे का नाही' असं कोणी म्हणालं तर त्याला शांतपणे भाड्याचा आकडा दाखवा, बोलणं तिथेच थांबतं.

आता खरं जग. इथे माझा एकच आग्रह आहे, टॅरिफवर हवेत बोलू नका, एक बॉक्स हातात घ्या आणि त्याचेच पैसे शोधा. 'अर्थव्यवस्था', 'उद्योग', 'कामगार' हे शब्द आले की माणसं भाषण सुरू करतात. बॉक्स हातात असला की भाषण होत नाही.

समजा अमेरिकेत ५० डॉलर छापील किंमत असलेला एक साय-फाय बोर्डगेम आहे, चीनमध्ये बनलेला. या धंद्यात ढोबळ मानाने छापील किंमत ही बनवायच्या खर्चाच्या पाचपट वगैरे धरतात, म्हणजे फॅक्टरीला गेले साधारण १० डॉलर. डिस्ट्रिब्युटर पब्लिशरला छापील किमतीच्या ४० टक्क्यांच्या आसपास देतो, म्हणजे २०. उरलेल्या १० मधून जहाजाचं भाडं, आर्टिस्ट, डिझायनरची रॉयल्टी, गोडाऊन, ऑफिसचे पगार आणि काही राहिलंच तर नफा. आता टॅरिफ लागतो तो या ५० वर नाही, त्या १० वर. अमेरिकेत कस्टम्सची किंमत धरताना समुद्राचं भाडंही त्यात धरत नाहीत. (आपल्याकडे भारतात भाडं आणि विमा धरून किंमत काढतात आणि वर ड्युटीसकटच्या रकमेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो, त्यामुळे इथलं गणित इथल्या पद्धतीने करा, नाहीतर न्यू जर्सीतला तुमचा मावसभाऊ आणि तुम्ही दोघं एकाच बॉक्सवर वेगवेगळे आकडे घेऊन रात्रभर बसाल.)

२०२५ चा एप्रिल या सगळ्यासाठी तयार उदाहरण आहे. महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेत चिनी मालावर ५४ टक्के जाहीर झाले, आठवड्याभरात ते १४५ वर गेले, आणि मे महिन्याच्या मध्यात ३० वर आले. आपल्या १० डॉलरच्या बॉक्सवर हेच लावा. ५४ टक्क्यांना ५ डॉलर ४० सेंट, १४५ ला साडेचौदा, ३० ला ३ डॉलर. साडेचौदा म्हणजे बनवायला लागले त्यापेक्षा जास्त सरकारला, आणि पब्लिशरकडे भाडं, रॉयल्टी, पगार सगळ्यासाठी मिळून होते फक्त १०. विंगस्पॅन हा बोर्डगेम काढणाऱ्या स्टोनमायर गेम्सने तेव्हा नेमकं हेच जाहीरपणे मांडलं होतं, दर १० डॉलरच्या उत्पादनामागे साडेचौदा डॉलर टॅक्स, आणि त्या टॅरिफविरुद्धच्या एका दाव्यात ते वादी म्हणूनही उतरले. सीएमऑन या दुसऱ्या गेम कंपनीने पुढच्या गेमचं डेव्हलपमेंट थांबवलं, ग्रेटर दॅन गेम्समधल्या बहुतेक लोकांच्या नोकऱ्या गेल्या. कोर्टात काय झालं त्यात गेम नाइटला शिरू नका, तो वकिलांचा प्रांत आहे आणि आपल्यात बहुतेक वेळा एक तरी अर्धवट वकील असतो, तो रात्र खाऊन टाकतो.

यावर हमखास येणारं वाक्य म्हणजे 'टॅरिफ चीन भरतो'. नाही भरत. कस्टम्सला चेक देतो तो माल मागवणारा, म्हणजे अमेरिकेतला पब्लिशर किंवा इम्पोर्टर. एवढ्यावर समोरचा गप्प होईल, पण तुम्ही प्रामाणिक असाल तर त्याची बाजू जरा मजबूत करून द्या, कारण चेक कोण देतो आणि शेवटी झळ कोणाला बसते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फॅक्टरी थोडी किंमत उतरवू शकते, पब्लिशर नफा सोडू शकतो, दुकानदार सोडू शकतो, आणि उरलेलं गिऱ्हाईक भरतं. कोण किती सोडणार हे कोण जास्त अडलंय त्यावर ठरतं. बोर्डगेमच्या फॅक्टरीकडे तसंही फार मार्जिन नसतं, आणि पब्लिशरकडे किती असतं ते आपण आत्ताच पाहिलं. मग राहिलं कोण?

आणि आता सगळ्यात महत्त्वाची खोच, इथेच निम्मे वाद फसतात. ३ डॉलरचा टॅरिफ दुकानात किती होतो? जर प्रत्येकाने फक्त जास्तीचे पैसे पुढे ढकलले तर ३ चे ३, ५० चा गेम ५३ ला. पण पब्लिशर, डिस्ट्रिब्युटर, दुकान सगळ्यांनी आपापली टक्केवारी कायम ठेवली तर तोच पाचपटीचा नियम लागतो आणि ३ चे १५ होतात, गेम ६५ ला. स्टीव्ह जॅक्सन गेम्स या अमेरिकन पब्लिशरने एप्रिल २०२५ मध्ये उदाहरण दिलं होतं की ३ डॉलरला बनणारी वस्तू ५४ टक्क्यांनी ४.६२ ला पडते आणि २५ चा गेम ४० पर्यंत जाऊ शकतो. ऐकणारा म्हणतो, अरे १ डॉलर ६२ सेंटचा टॅक्स आणि १५ डॉलर वाढ, ही तर लूट आहे. लूट असेलच असं नाही, दुकानदाराचे पैसे जास्त अडकतात, माल पडून राहिला तर नुकसान जास्त, म्हणून तो टक्केवारी धरून बसतो. पण सगळी वाढ टॅरिफच्या नावावर खपवलेली असेल तर तेही विचारायला हवं. दोन्ही बाजूंना इथे काहीतरी खरं सापडतं, म्हणून मी हा मुद्दा कायम शेवटी ठेवतो, नाहीतर वाद लवकर मिटतो आणि मजा जाते.

वेळेचा मुद्दा पटकन सांगतो. टॅरिफ बसतो तो साधारणपणे माल बंदरात उतरून कस्टम्समध्ये शिरतो त्या वेळच्या दराने, तुम्ही ऑर्डर दिली त्या दिवशीच्या नाही. किकस्टार्टरसारख्या क्राउडफंडिंगमध्ये पैसे दोन वर्षांपूर्वीच घेतलेले असतात, तेव्हाच्या दराने हिशोब करून. म्हणून दर कमी असणं जितकं महत्त्वाचं तितकंच तो स्थिर असणं. ज्याची प्लेज अडकलीये तो खरं तर टक्क्यांवर चिडलेला नसतो, महिन्यात तीनदा बदललेल्या टक्क्यांवर चिडलेला असतो, त्याला तसं विचारून बघा.

मजुरीवर कसं बोलायचं

'चीनमध्ये मजुरी स्वस्त म्हणून तिथे बनतं' हे वाक्य आलं की मी दोन बॉक्स शेजारी शेजारी ठेवतो, एक वॉरहॅमर ४०,००० चा आणि एक कुठलाही मोठा बोर्डगेम. वॉरहॅमरवाली गेम्स वर्कशॉप आपल्या प्लास्टिकच्या मिनिएचर (म्हणजे खेळातल्या छोट्या सैनिकांच्या मूर्ती) इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला बनवते. पगार ब्रिटनचे, जागा ब्रिटनमधली, तरी परवडतं, आणि चांगलंच परवडतं. का? कारण एक स्प्रू (सुटे भाग जोडून आलेली प्लास्टिकची चौकट) म्हणजे एकच मटेरियल, एक स्टीलचा मोल्ड (साचा), एक इंजेक्शन मशीन. मोल्ड करायला भरपूर पैसे लागतात पण एकदा झाला की मशीन धडाधड स्प्रू सोडत राहतं, माणसाचा हात फार कमी लागतो. आणि जोडायचं काम, रंगवायचं काम? ते आपण करतो, फुकट, वर पैसे देऊन. इतकी हुशार उत्पादन पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही.

बोर्डगेमचा बॉक्स म्हणजे रुखवत आहे. कार्ड, पंचबोर्ड (टोकन कापून काढायचा पुठ्ठा), लाकडी क्यूब, प्लास्टिकची जहाजं, फासे, कापडी पिशवी, नियमांचं पुस्तक, आतला ट्रे, आणि हे सगळं मोजून, पिशव्यांत भरून, एका क्रमाने बॉक्समध्ये बसवणारी माणसं. इथे हात लागतात, म्हणून मजुरीला वजन आहे. पण नुसती मजुरी हे कारण असतं तर ज्या देशात चीनपेक्षा पगार कमी तिथे हे सगळं कधीच गेलं असतं, आणि असे देश भरपूर आहेत. खरं कारण म्हणजे शेन्झेनच्या किंवा निंगबो-शांघायच्या पट्ट्यात कार्ड छापणारा, फासे बनवणारा, मोल्ड कापणारा, बॉक्स चिकटवणारा सगळे हाकेच्या अंतरावर आहेत आणि एकच फॅक्टरी तुम्हाला सगळं जमवून तयार बॉक्स देते. त्यामुळे वादात 'मजुरी' म्हणणाऱ्याला विचारा, तासाची की नगाची? तासाला तिप्पट पगार घेऊन चौपट माल काढणारा कामगार नगाला स्वस्तच पडतो.

ईव्ह ऑनलाइन (खेळाडूच बाजार चालवतात असा अंतराळातला ऑनलाइन गेम) खेळणारा कोणी असेल तर त्याला इथे बोलू द्या. तिथे वर्षानुवर्षं चालत आलेला एक गैरसमज आहे, 'मी खणलेलं मिनरल फुकट असतं'. नवीन खेळाडू स्वतः खणलेल्या खनिजातून जहाज बनवतो, ते बाजारात खनिजाच्या भावापेक्षा कमीला विकतो, आणि म्हणतो सगळा नफाच. अरे तेच खनिज जिटाला, म्हणजे गेममधल्या मोठ्या बाजारात, जाऊन तसंच विकलं असतंस तर जास्त मिळाले असते ना. त्याने स्वतःची मजुरी शून्य धरली. हाच माणूस दुसऱ्या दिवशी म्हणतो की लोकल कारखानदाराला काय, जागा त्याची, मुलगाच मशीनवर, खर्च काहीच नाही. सीसीपी या कंपनीने आपल्या या गेमसाठी २००७ मध्ये चक्क एक इकॉनॉमिस्ट नोकरीला ठेवला होता, उगाच नाही.

मग 'इथेच बनवा' वाल्याला काय सांगायचं? त्याला हसू नका, त्याची बाजू आपल्याकडे फार जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे १८९० च्या दशकात हेच मांडत होते, की नवा उद्योग उभा राहीपर्यंत सरकारने आधार द्यावा, फुकटचा मुक्त व्यापार हा आधीच पुढे गेलेल्याच्या सोयीचा असतो. आणि त्याच काळात इंग्रज सरकारने काय केलं, तर १८९६ मध्ये आयात कापडावरची ड्युटी साडेतीन टक्के केली आणि त्याच वेळी इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर लावला, लँकेशायरच्या इंग्रज गिरण्यांना झळ नको म्हणून. मुंबईच्या गिरण्यांच्या मानेवर तो १९२५ पर्यंत होता. म्हणजे संरक्षण नको म्हणणारेही स्वतःचं संरक्षण करूनच बोलत असतात, हा मुद्दा त्या बाजूने जरूर वापरावा.

पण मग आजचं उदाहरण विचारा. भारताने खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ७०, आणि १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का सक्तीचा. स्वस्त चिनी खेळण्यांची आयात कमी झाली हे खरं. पण म्हणून पुण्यात साय-फाय मिनिएचरचा कारखाना उभा राहिला का? भोसरी-चाकणला टूलरूमची (साचे बनवणाऱ्या वर्कशॉपची) काही कमी नाही, गाड्यांच्या पार्टसाठी मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं आहेत तिथे. मोल्ड होईल हो. प्रश्न आहे की त्या मोल्डमधून किती नग निघणार. आपल्याकडे हा छंद असलेली माणसं किती, तेवढ्यांवर स्टीलच्या मोल्डचे पैसे निघत नाहीत, आणि ड्युटीची भिंत उंच केली म्हणून गिऱ्हाईक वाढत नाही. मला विचाराल तर छोट्या छंदाच्या बाबतीत २२ सप्टेंबर २०२५ ला बोर्डगेमवरचा जीएसटी १२ वरून ५ झाला त्याचा उपयोग जास्त, कारण तो इथल्या गेमलाही मिळतो आणि बाहेरच्यालाही. यावर माझं कोणाशीच पटत नाही, चालायचंच.

समोरच्याला गोंधळात टाकायला दोन मुद्दे खिशात ठेवा. एक म्हणजे पुस्तकं. २०२५ चे ते टॅरिफ अमेरिकेच्या १९७७ च्या आणीबाणीच्या अधिकारांच्या कायद्याखाली लावले होते, आणि त्या कायद्यातच पुस्तकं वगैरे माहितीपर साहित्याला सूट आहे, त्यामुळे आरपीजीचं जाडजूड रूलबुक सुटायचं आणि फासे असलेला छोटा बॉक्स अडकायचा. दुसरं म्हणजे थ्रीडी प्रिंटिंग. मिनिएचर बोटीतून आली तर कस्टम्स, तिची एसटीएल फाइल (थ्रीडी प्रिंटरला लागणारा नकाशा) मेलवर आली तर काही नाही. १९९८ मध्ये डब्ल्यूटीओच्या (जागतिक व्यापार संघटनेच्या) देशांनी ठरवलं की इलेक्ट्रॉनिक मार्गाने येणाऱ्या गोष्टींवर ड्युटी नको, आणि मग २०२४ पर्यंत ते पुन्हा पुन्हा वाढवत गेले, भारत त्यावर वेळोवेळी हरकत घेत आलाय. आता विचारा टेबलाला, घरच्या प्रिंटरवर रात्रभर छापलेलं स्पेस मरीन (वॉरहॅमरमधला सैनिक) हे 'मेड इन इंडिया' का? रेझिन बाहेरचं, मशीन बाहेरचं, फाइल बाहेरची, वीज महावितरणची. इथे किमान पाऊण तास जातो.

वागण्याबद्दल थोडंच. नेत्यांची नावं घ्यायची नाहीत हा नियम आधीच लावा, नाव आलं की आकडे संपतात. टक्केवारी बोलणाऱ्याने कशाची टक्केवारी हे त्याच दमात सांगायचं. ग्रुपमध्ये कोणी काका किंवा दादा खरंच इम्पोर्ट-एक्स्पोर्टमध्ये असतील तर त्यांना आधी बोलायला लावू नका, ते बोलले की बाकीचे गप्प बसतात, त्यांना मधे मधे फक्त 'असं होतं का हो' एवढं विचारा. आणि कोणी म्हणालं की 'स्टार सिस्टीममध्ये रोबोट सगळं बनवतील तेव्हा मजुरीचा प्रश्नच नाही' तर त्याला विचारा रोबोट कोणाचे, त्याचं उत्तर येईपर्यंत चहा टाका.

आणि बोलून कंटाळा आला तर खेळून बघा. ट्वायलाइट इम्पेरियम हा अंतराळातल्या साम्राज्यांचा बोर्डगेम असेल तर उत्तम, कारण त्यात तुमच्या कमोडिटी तुमच्यासाठी निरुपयोगी असतात, दुसऱ्याला दिल्या की त्याच्याकडे त्या ट्रेड गुड होतात आणि खर्चता येतात. म्हणजे देवाणघेवाण केल्याशिवाय दोघंही गरीबच. यात एक हाउस रूल घाला, शेजाऱ्याकडून माल घेणाऱ्याने दर व्यवहाराला एक ट्रेड गुड टॅरिफ म्हणून स्पीकरला (त्या राउंडला पहिला खेळणाऱ्या सभापतीला) द्यायचा. एकास एक वाले छोटे सौदे त्याच क्षणी बंद पडतात, एक घ्यायचा आणि एक द्यायचा, कोण करेल. तीनास तीन वाले चालू राहतात. ज्यांच्याकडे कमोडिटी कमी त्या जमाती आधी मरतात. पुढच्या राउंडला तोच टॅरिफ स्पीकरऐवजी बँकेत टाका आणि बघा कोणाकोणाचं मत बदलतं, विशेषतः जो स्पीकर होता त्याचं. हा प्रयोग दुसऱ्या-तिसऱ्या राउंडलाच करा, शेवटच्या राउंडला केलात तर जो हरत असेल तो हरल्याचं खापर टॅरिफवर फोडेल आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.